अवकाशयानांचे आज्ञावलीकार

श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावरून अग्निबाण सुटतो तेव्हा पाहणाऱ्यांची दृष्टी त्याच्या ज्वाळेवर खिळून राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वेळी नियंत्रण कक्षात बसलेली काही मंडळी ज्वाळेकडे पाहत नसतात. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा सरकत असतात आणि त्या आकड्यांतून इंधनाचा दाब, यंत्राचे तापमान, वेग व दिशा ही सारी त्यांना कळत असतात. या मंडळींत एक वर्ग असा आहे की, ज्याने घडविलेली वस्तू अग्निबाणाबरोबर वर जाते, पण ती कोणाला हातात धरून दाखविता येत नाही. तिला वजन नाही, रंग नाही, आकार नाही. ती वस्तू म्हणजे यानावरील संगणकाला दिलेली आज्ञावली. इंग्रजी शब्दच वापरावयाचा तर सॉफ्टवेअर. ती लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि उड्डाणानंतर वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या कामाचा हा परिचय आहे.

संगणकावाचून हे काम का भागत नाही, ते प्रथम पाहू. तळहातावर काठी उभी तोलून धरण्याचा खेळ लहानपणी पुष्कळांनी खेळलेला असतो. काठी एका बाजूला किंचित झुकली की हात त्या बाजूला नेऊन तिला सावरावे लागते, आणि हात क्षणभर चुकला तर काठी पडते. उंच अग्निबाणाची स्थिती काहीशी अशीच असते. खालून ज्वाळेचा रेटा, वर शेकडो टनांचा भार, आणि भोवती सतत बदलणारा वारा. त्याची दिशा दर सेकंदाला अनेक वेळा मोजावी लागते व तितक्याच वेळा सुधारावी लागते. माणसाच्या हाताला हे साधणारे नाही. म्हणून ते संगणकाकडे सोपविले जाते.

संगणकाची वृत्ती मात्र विलक्षण आहे. त्याला सांगितलेले तो अक्षरशः करतो. सांगणाऱ्याच्या मनात काय होते, याची त्याला कल्पना नसते. घरच्या जुन्या नोकराला ‘दिवा काढ’ म्हटले तर दिवा मालवावयाचा की खाली उतरवावयाचा, हे तो प्रसंग पाहून ठरवितो. संगणकाला प्रसंग दिसत नाही, त्याला फक्त लेख दिसतो. मराठीत ‘चिंता’ व ‘चिता’ या दोन शब्दांत एका टिंबाचे अंतर आहे. मुद्रणात ते टिंब गळाले तर सुज्ञ वाचक ते मनाने भरून घेतो. संगणक भरून घेत नाही.

या एका टिंबाची किंमत किती होऊ शकते, हे १९६२ साली अमेरिकेत दिसून आले. शुक्राकडे पाठवावयाचे मरिनर-१ हे यान २२ जुलै रोजी केप कॅनाव्हरल येथून सोडण्यात आले. अग्निबाणावरील मार्गदर्शक यंत्रात बिघाड झाला. तेवढ्यानेच सर्व बुडाले असते असे नाही, परंतु मार्गदर्शनाच्या आज्ञावलीत एक लहानसे चिन्ह गळलेले होते. कोणी ते संयोगचिन्ह होते असे सांगतात, तर कोणी अक्षरावरील आडवी रेघ होती असे म्हणतात. ते नसल्याने संगणक भलत्याच सुधारणा सुचवू लागला व अग्निबाण मार्ग सोडून भरकटला. सुमारे पाच मिनिटांनी सुरक्षा-अधिकाऱ्याला तो आकाशातच नष्ट करावा लागला. चूक शोधून दुरुस्त करण्यात आली, आणि अवघ्या ३६ दिवसांनी, २७ ऑगस्टला, मरिनर-२ सुटले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला ते शुक्राजवळून गेले. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन तेथील माहिती यशस्वीपणे धाडणारे ते पहिले यान ठरले.

अशा चुका होतात याचा अर्थ लिहिणारे निष्काळजी असतात, असा कोणी घेऊ नये. चूक होणारच हे गृहीत धरून लिहिणे, हाच या विद्येचा गाभा आहे. चंद्रावर माणूस उतरविण्याच्या अपोलो योजनेत हा धडा विशेष स्पष्ट झाला. अपोलो यानाच्या संगणकाची आज्ञावली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झाली. त्या संगणकाची कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची होती, आणि पुसून पुन्हा लिहिता येण्याजोगी स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. कायम स्मृती ही खरोखर विणलेली असे. चुंबकीय कड्यांच्या रांगेतून बारीक तार ओवीत जावयाचे. कड्यातून तार नेली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. हे विणकाम कारखान्यातील कुशल स्त्रिया हातांनी करीत. विणून झाल्यावर एखादा शब्द बदलणे महाकठीण, म्हणून आज्ञावली उड्डाणाच्या पुष्कळ आधी निश्चित करावी लागे. मागावरून उतरलेल्या वस्त्राची वीण मागाहून बदलता येत नाही, तसेच ते होते.

त्या प्रयोगशाळेतील यान-आज्ञावलीच्या विभागाचे नेतृत्व मार्गारेट हॅमिल्टन या विदुषींकडे होते. त्यांची लहान मुलगी कधीकधी त्यांच्याबरोबर कामाच्या ठिकाणी येई. एकदा तिने खेळता खेळता सरावयंत्राच्या कळा दाबल्या, आणि उड्डाण चालू असताना उड्डाणपूर्व तयारीचा भाग सुरू होऊन सर्व आज्ञावली कोलमडली. अशी कळ चुकून दाबली गेली तर संगणकाने ती नाकारावी, अशी योजना हॅमिल्टन यांनी सुचविली. शिकलेसवरलेले अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ च्या प्रवासात जिम लोव्हेल या अनुभवी अंतराळवीराकडून नेमकी तीच चूक झाली. जमिनीवरून मदत करून संगणकाची माहिती पुन्हा भरावी लागली, आणि त्यानंतर ती सुचविलेली योजना मान्य झाली.

पुढील वर्षी, २० जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चे अवतरण-यान चंद्राकडे उतरू लागले. पृष्ठभाग अद्याप सुमारे दहा किलोमीटर खाली असता संगणकाने १२०२ या अंकाची धोक्याची सूचना दिली. आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन यांना तिचा अर्थ ठाऊक नव्हता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शनाची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांच्याकडे होती, आणि मागच्या खोलीत त्यांना सल्ला देण्यास २४ वर्षांचे जॅक गारमन बसले होते. उतरावे की परतावे, हे सेकंदांत ठरवावयाचे होते. गारमन यांनी सांगितले की, ही सूचना वारंवार येत राहिली नाही तर उतरावयास हरकत नाही. बेल्स यांनी तसा निर्णय दिला. ही सूचना व तिच्याच जातीची दुसरी मिळून पाच वेळा आली, आणि तरीही यान उतरले.

गारमन यांना उत्तर इतक्या तत्काळ कसे देता आले? त्याचे कारण काही दिवसांपूर्वीच्या एका रंगीत तालमीत आहे. त्या तालमीत शिक्षकांनी मुद्दाम असाच एक इशारा सोडला होता, आणि बेल्स यांनी घाईने अवतरण रद्द करावयास सांगितले होते. तो निर्णय चुकीचा होता. नियंत्रण-प्रमुख जीन क्रॅन्झ यांनी तेव्हा आज्ञा केली की, संगणक जितक्या सूचना देऊ शकतो तितक्या सर्वांची यादी करा आणि प्रत्येकीचे उत्तर आधीच ठरवून ठेवा. गारमन यांनी ती यादी हाताने लिहून समोर ठेवली होती. तालमीतली फजिती नसती तर चंद्रावरचे ते पहिले पाऊल त्या दिवशी पडले नसते, असे म्हणण्यास जागा आहे.

संगणकाच्या बाजूनेही पूर्वतयारी होती. उतरताना ज्याची गरज नव्हती असे एक रडारयंत्र विद्युत्प्रवाहाच्या विसंगतीमुळे संगणकाचा वेळ खात होते. सर्व कामे एकदम होणे अशक्य झाले. अशा वेळी कोणती कामे सोडावयाची व कोणती सोडावयाची नाहीत, याचा क्रम आज्ञावलीकारांनी अगोदरच लावून ठेवला होता. संगणकाने दुय्यम कामे टाकली, यान सावरून धरण्याचे मुख्य काम चालू ठेवले, आणि आपण अडचणीत आहोत हे प्रामाणिकपणे कळविले. त्या कळविण्याचेच नाव १२०२.

परंतु एकदा बरोबर ठरलेली आज्ञावली सदैव बरोबर राहते काय? या प्रश्नाचे उत्तर १९९६ साली मिळाले. युरोपातील राष्ट्रांचा एरियन-५ हा नवा अग्निबाण ४ जून रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून प्रथमच उडाला आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचे तुकडे झाले. त्याच्याबरोबर शास्त्रीय संशोधनाचे चार उपग्रह नष्ट झाले. चौकशीत आढळले की, दिशा सांगणाऱ्या यंत्राची आज्ञावली आधीच्या एरियन-४ वरून तशीच घेतली होती. तीत आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या लहान घरात ठेवली जाई. एरियन-४ च्या मार्गावर ती संख्या कधी इतकी वाढत नसे, म्हणून तेथे पहारा ठेवला नव्हता. एरियन-५ चा आडवा वेग फार लवकर वाढला. संख्या घरात मावली नाही आणि यंत्र बंद पडले. राखीव यंत्र तयार होते, परंतु त्यातही तीच आज्ञावली असल्याने ते क्षणार्धापूर्वी त्याच कारणाने बंद पडले होते. बंद पडताना यंत्राने आपल्या बिघाडाची खूण म्हणून जे आकडे पाठविले, ते मुख्य संगणकाने दिशा समजून पाळले. अधिक खेदाची गोष्ट अशी की, ज्या गणिताने हा अनर्थ केला त्याचा नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

चौकशी समितीने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखविले. तेथे पहारा का ठेवला नाही याचे कारण आज्ञावलीच्या लेखात थेट कोठेच नोंदलेले नव्हते. ज्यांनी मूळ निर्णय घेतला त्यांना तो विचारपूर्वकच घ्यावा लागला होता. पण त्यामागचे गृहीत पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर राहिले नाही. पूर्वजांचे घर वारशाने मिळाले, परंतु कोणत्या भिंतीवर किती भार पेलेल हे सांगणारा कागद मिळाला नाही, असा तो प्रकार झाला.

भारताच्या अनुभवातही एक उद्बोधक प्रसंग आहे, आणि तो येथे उलट बाजूने घडला. एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झाले. योजनेचे प्रमुख अब्दुल कलाम यांनी ती हकीकत पुढे अनेक वेळा स्वतः सांगितली. शेवटच्या तपासणीत संगणकाने उड्डाण थांबविण्याचा संकेत दिला, कारण नियंत्रण-प्रणालीत गळती दिसत होती. तज्ज्ञांनी हिशेब करून पुरेसा साठा आहे असे सांगितले, आणि कलाम यांनी संगणकाचा संकेत बाजूला सारून उड्डाण केले. पहिला टप्पा ठीक चालला, दुसऱ्यात नियंत्रण गेले, आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी वार्ताहरांपुढे अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढील वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तोच अग्निबाण यशस्वी झाला आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा वार्ताहरांपुढे जाण्यास त्यांनी कलामांना सांगितले.

ह्यूस्टनला यंत्राची सूचना मान्य करूनही पुढे जाणे योग्य ठरले, आणि श्रीहरिकोट्याला तसे करणे अंगाशी आले. मग यंत्राचे ऐकावे की माणसाचे? दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे भेद ध्यानी येतो. ह्यूस्टनच्या उत्तरामागे शांत चित्ताने आधी केलेला विचार होता. श्रीहरिकोट्याचा निर्णय उलटी गणना चालू असताना घ्यावा लागला. म्हणूनच आज उड्डाणाचे नियम अगोदर लिहून ठेवले जातात. कोणता आकडा कोणत्या मर्यादेबाहेर गेल्यास थांबावयाचे, हे आधीच ठरलेले असते. शेवटी प्रत्येक विभागाला विचारले जाते, आणि प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. हजारो लोक वाट पाहत असताना तो शब्द उच्चारणे सोपे नसते.

यान पृथ्वीपासून दूर गेले की या कामाचे स्वरूप पालटते. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या दिवशी तेथून येथे संदेश पोहोचण्यास बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. यानाचे मुख्य इंजिन सुमारे २३ मिनिटे चालवावयाचे होते, आणि त्यातील काही काळ यान मंगळाआड जाऊन संपर्क पूर्ण तुटणार होता. बंगळूरहून कोणी हात लावू शकेल अशी ती वेळच नव्हती. त्यामुळे सर्व आज्ञा सुमारे दहा दिवस आधी यानात भरून ठेवण्यात आल्या. जवळजवळ तीनशे दिवस निजलेले इंजिन आदल्या परवा, २२ सप्टेंबरला, चार सेकंद चालवून पाहिले होते. परीक्षेच्या दिवशी मात्र ज्यांनी आज्ञा लिहिल्या त्यांना केवळ वाट पाहणे एवढेच उरले होते. संदेश आला तेव्हा गोष्ट बारा मिनिटांपूर्वीच घडून गेलेली होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरण-यान चंद्राच्या अगदी जवळ पोहोचून कोसळले. त्याच्या चिकित्सेतून जे शिकावयास मिळाले ते चांद्रयान-३ मध्ये उतरले. संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनी तो फरक मोजक्या शब्दांत सांगितला. पूर्वी यशाचा विचार करून रचना केली होती, या वेळी अपयशाचा विचार करून केली. कोणता संवेदक दगा देईल, कोणते इंजिन थांबेल, कोणता हिशेब चुकेल, असे एकेक संकट कल्पून त्यातून सुटण्याची वाट आज्ञावलीत लिहिली गेली. उतरण्याची जागा पूर्वी अर्धा किलोमीटर लांब व तितकीच रुंद होती, ती आता चार किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद करण्यात आली. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात सुखरूप टेकले. साऱ्या देशाने आनंद केला. त्या आनंदामागे चार वर्षे दररोज ‘आणखी काय चुकेल?’ असे विचारीत बसलेल्या माणसांचे श्रम होते.

या कामाचे अखेरचे आणि कदाचित सर्वांत हृद्य उदाहरण सूर्यमालेच्या पलीकडचे आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान मानवाने निर्मिलेल्या वस्तूंपैकी सर्वांत दूर गेलेले आहे. १४ नोव्हेंबर २०२३ पासून त्याचे संदेश निरर्थक येऊ लागले. यान जिवंत होते, आज्ञा ऐकत होते, पण बोलत होते ते कळेना. अंतर सुमारे २,४०० कोटी किलोमीटर. प्रश्न पाठविला की तो पोहोचण्यास साडेबावीस तास, आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकेच. यान घडविणारे पुष्कळसे अभियंते केव्हाच निवृत्त झाले होते, काही हयात नव्हते. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील मंडळींनी अनेक दशकांपूर्वीचे जीर्ण कागद काढून वाचावयास घेतले. मार्च २०२४ मध्ये यानाची स्मृती मागवून जुन्या स्मृतीशी ताडली, तेव्हा कळले की एक चकती निकामी होऊन सुमारे तीन टक्के स्मृती बिघडली आहे. तेथील आज्ञा दुसरीकडे हलवावयाच्या, तर सगळ्या मावतील अशी सलग मोकळी जागा कोठेच नव्हती. म्हणून त्यांचे तुकडे करून जेथे जागा मिळेल तेथे बसविले, आणि एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जाण्याच्या खुणा सर्वत्र बदलल्या. १८ एप्रिलला पहिली दुरुस्ती धाडली. २० एप्रिलला यानाच्या प्रकृतीची सुबोध वार्ता पाच महिन्यांनंतर प्रथमच पृथ्वीवर आली. त्या दिवशीचे प्रयोगशाळेतील छायाचित्र पाहणाऱ्याला दिसते की, एका टेबलाभोवती बसलेली प्रौढ माणसे मुलांसारखी आनंदाने हात उंचावीत आहेत.

आज्ञावलीला दोन वाचक असतात, हे या प्रसंगावरून कळून येते. पहिला वाचक यंत्र. ते अक्षर वाचते व अक्षरच पाळते. म्हणून लिहिणाऱ्याने टिंबही गाळता कामा नये. दुसरा वाचक हा पुढे कधीतरी येणारा माणूस. त्याला अक्षराबरोबर हेतूही कळावा लागतो. ही आज्ञा का लिहिली, काय गृहीत धरले, कोठे पहारा ठेवला आणि कोठे ठेवला नाही, हे त्याच्यासाठी नोंदून ठेवावे लागते. एरियन-५ च्या वेळी दुसऱ्या वाचकाला तो कागद सापडला नाही आणि चाळीस सेकंदांत सारे संपले. व्हॉयेजरच्या वेळी कागद सापडले, आणि सेहेचाळीस वर्षांच्या प्रवासानंतर हरवलेली वाणी परत मिळाली.

श्रीहरिकोट्याहून किंवा अन्य कोठून पुढचा अग्निबाण सुटेल तेव्हा ज्वाळेकडे सर्वांनी अवश्य पाहावे. पण श्रोत्यांनी इतके ध्यानी ठेवावे की, त्या ज्वाळेच्या वर एक न दिसणारा लेख प्रवास करीत आहे. तो कोणीतरी रात्री जागून लिहिला आहे, दुसऱ्या कोणीतरी त्यात चूक शोधण्याची पराकाष्ठा केली आहे, आणि उड्डाण निर्विघ्न पार पडले तर त्या दोघांचीही नावे कोणाला कळणार नाहीत.